पेन्सिलची रेघ

खालच्या वेळा आठवणीतून लिहिलेल्या नाहीत. फोनमधले फोटो, व्हॉट्सॲप, सोसायटीच्या गेटवरची वही आणि हॉस्पिटलचा कागद यांवरून त्या घेतल्या आहेत. आठवणीवर सोडलं असतं तर मी स्वतःला बराच बरा दाखवलं असतं.

मुलुंड पूर्वेला आमची पाच मजली इमारत आहे, 1994 सालची. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. काका-काकू दुसऱ्यावर, बरोबर आमच्याखाली. नात्याचे कुणी नाहीत. सव्वीस वर्षं त्यांच्या डोक्यावर आमचे पाय आहेत, एवढंच नातं. बुधवार, 27 ऑगस्ट 2025, गणेश चतुर्थी. पहाटे 5:52 ला त्यांच्या बाथरूमचं छत काकांच्या अंगावर आलं. छत म्हणजे फॉल्स सीलिंग, त्याच्या वरचं स्लॅबचं प्लास्टर, आणि या दोन्हींच्या मध्ये साठलेलं आमच्या आंघोळीचं पाणी.

सोमवार, 11 ऑगस्ट. सकाळी 10:10. अजून 379 तास 42 मिनिटं.

पहिला घाव पडला. मिस्त्री आणि दोन मजूर. हातोडा आणि छन्नी, ब्रेकर नाही. 20 मे रोजी कल्याण पूर्वेतल्या सप्तशृंगी इमारतीत चौथ्या मजल्याचा स्लॅब कोसळला आणि खालचे मजले फोडत गेला. सहा माणसं गेली. त्या चौथ्या मजल्यावर लादीचं काम चाललं होतं. त्यानंतर आमच्या सोसायटीने ब्रेकर मशीन बंद केलं आणि लेखी परवानगी सुरू केली.

काम साधं होतं. आतलं बाथरूम फोडायचं, पाईप बदलायचे, वॉटरप्रूफिंग करायचं, नव्या टाईल्स लावायच्या, आणि एका कोपऱ्यात काचेचं पार्टिशन घालून शॉवर. चौदा दिवसांत. चतुर्थीला घरात नऊ माणसं असणार होती, गौरी जाईपर्यंत.

परवानगीच्या अर्जावर सेक्रेटरींनी पेनाने एक ओळ वाढवली होती: खालच्या फ्लॅटचं छत ठोकून तपासावं. छत ठोकायचं तर काकूंच्या बाथरूमचं फॉल्स सीलिंग उतरवावं लागणार होतं. काकू म्हणाल्या, "आत्ता कुठे ती घाण काढतोस? गणपती होऊ देत." मला ते सोयीचंच वाटलं. अर्जावर मी 'तपासले' असं लिहिलं नाही. काहीच लिहिलं नाही.

मंगळवार, 12 ऑगस्ट. दुपारी 12:35.

काकूंचा फोन. "तुझ्या हातोड्याने आमच्या देवघरातली घंटा वाजते रे." मी हसलो. त्याही हसल्या. मग म्हणाल्या, "आणि बाथरूममध्ये वरून काहीतरी पडतं. सीलिंगवर खडा पडावा तसा आवाज येतो."

मी मिस्त्रीला हळू मारायला सांगितलं. त्याने दहा मिनिटं हळू मारलं.

बुधवार, 13 ऑगस्ट. दुपारी 4:30. अजून 325 तास 22 मिनिटं.

ज्यांनी बाथरूम फोडलेलं बघितलं नाही त्यांच्यासाठी: आपल्याकडच्या इमारतींत बाथरूमचा स्लॅब बाकीच्या घरापेक्षा खाली धरलेला असतो. आमचा नऊ इंच. मिस्त्री त्याला 'संकन' म्हणतात. त्या खड्ड्यातून नहाणीचे पाईप फिरवतात, वर विटांचे तुकडे आणि सिमेंटचा कोबा भरतात, आणि त्यावर फरशी. वरून बघणाऱ्याला सपाट जमीन दिसते. खरं तर ते एक टाकं असतं. आमचं साधारण 2.9 चौरस मीटरचं. काठोकाठ भरलं तर साडेसहाशे लिटर. विटांनी भरलेलं असलं तरी तुकड्यांमधल्या फटींत दोनएकशे लिटर सहज मावतात, आणि बाहेर कुणाला पत्ता लागत नाही.

सोमवारपासून त्या बाथरूममध्ये कुणी आंघोळ केली नव्हती. तरी तळातले विटांचे तुकडे काळे आणि ओले निघाले. शेवटचा थर उचलल्यावर मजुराने तांब्याने पाणी काढलं. पाच बादल्या. त्या पाण्याला साबणाचा आणि कुजल्याचा मिळून एक वास होता. दोन दिवस जिन्यात राहिला. गेटवरच्या वहीत त्या दिवशीची नोंद: डेब्रिज, 41 गोण्या.

स्लॅब कोरडा पुसल्यावर पाईपच्या भोकापासून कोपऱ्याकडे जाणारी केसासारखी चीर दिसली, कडेने तांबूस. तांबूस म्हणजे आतली सळई गंजलेली. गंजलं की लोखंड फुगतं, मूळच्या काही पट जागा मागतं, आणि खालच्या बाजूचं काँक्रीट आणि प्लास्टर ढकलून देतं. हे मला त्या दिवशीही माहीत होतं. मिस्त्री म्हणाला, "साहब, तीस साल पुरानी बिल्डिंग में ये सब घर में मिलेगा." यात खोटं काही नव्हतं.

गुरुवार, 14 ऑगस्ट. सकाळी 11:00 ते संध्याकाळी 7:00.

प्लंबरने नहाणीचा 75 मिमीचा पाईप भिंतीतून डक्टमध्ये काढला. जुनं भोक मोठं होतं. पाईपभोवती बोटभर जागा उरली. ती विटेच्या तुकड्याने आणि सिमेंट-वाळूने भरली. साधं सिमेंट सुकताना आकसतं, म्हणून पाईपच्या कडेला न आकसणारं ग्राऊट भरायचं असतं. ते आणायला कुणाला तरी स्टेशनजवळच्या दुकानात पाठवावं लागलं असतं. दुकान अर्ध्या तासाच्या वाटेवर.

बाकीचं काम मिस्त्रीने सुरेख केलं, हे लिहायलाच हवं. तळ आणि भिंत मिळतात त्या कोपऱ्यांत त्याने सगळीकडून वाटा मारला. वाटा म्हणजे कोपऱ्याची गोलाई. काटकोनात कोटिंग तडकतं, गोलाईवर तडकत नाही. ती गोलाई तो दुधाच्या पिशवीत अंगठा घालून फिरवत होता. मग कोटिंगचा पहिला हात उभा, पाच तासांनी दुसरा आडवा. सात वाजता ब्रश पाण्यात टाकला.

डब्यावर छापलं होतं: दुसऱ्या हातानंतर 72 तासांनी पाणी भरून चाचणी घ्यावी. चाचणी किमान 72 तास.

रविवार, 17 ऑगस्ट. संध्याकाळी 7:00. अजून 226 तास 52 मिनिटं.

या वेळी काहीही घडलं नाही.

शुक्रवारी स्वातंत्र्यदिन, शनिवारी गोपाळकाला, रविवारी सोसायटीत कामाला बंदी. तीन दिवस बाथरूम बंद होतं आणि कोटिंग आपोआप वाळत होतं. सात वाजता 72 तास पुरे झाले. नळ स्वयंपाकघरात होता, बादल्या घरात होत्या, आणि बादलीने पाणी ओतायला मिस्त्री लागत नाही. त्या वेळी भरलं असतं तर बुधवारी संध्याकाळी पूर्ण चाचणी हातात आली असती, एकही दिवस वाया न जाता. बायकोने विचारलंही होतं, "आपणच भरून ठेवायचं का?"

मी म्हणालो, मिस्त्री आल्यावर बघू.

सोमवार, 18 आणि मंगळवार, 19 ऑगस्ट.

पाऊस. मिस्त्री मानखुर्दला राहतो. सोमवारी त्याने 9:15 ला फोन करून येत नाही म्हणून सांगितलं. मंगळवारी हार्बर बंद पडली, मग मध्य रेल्वेची सीएसएमटी ते ठाणे वाहतूकही. संध्याकाळी टीव्हीवर मोनोरेल मधेच अडकलेली दाखवत होते. अग्निशमन दल शिडीने माणसं उतरवत होतं. आम्ही ते बघत बसलो. बाथरूमचं दार लावलेलं होतं. आत कोरडं ठणठणीत टाकं.

बुधवार, 20 ऑगस्ट. संध्याकाळी 6:40. अजून 155 तास 12 मिनिटं.

मिस्त्री दुपारी आला. पाईपच्या तोंडात प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेला फडका ठोकून बसवला आणि पाणी भरलं. 50 मिमी. दीडशे लिटरला थोडं कमी. पाणी शांत झाल्यावर त्याने कानावरची सुताराची पेन्सिल काढली आणि पाण्याच्या कडेला, करड्या कोटिंगवर, हातभर रेघ मारली. मी फोटो काढला. फोटोत त्याचा अंगठा आला आहे, नखात सिमेंट.

हिशेब असा होता: 72 तास म्हणजे शनिवार संध्याकाळ. मग कोबा, वरचं कोटिंग, टाईल्स, सांधे, काच. रविवार मधे. चतुर्थी बुधवारी. बसत नव्हतं. कसंही मांडलं तरी बसत नव्हतं. जेवताना मी म्हणालो, एका रात्रीत जे दिसायचं ते दिसेल.

गुरुवार, 21 ऑगस्ट. सकाळी 8:10. अजून 141 तास 42 मिनिटं.

दिसलं.

पाणी रेघेच्या खाली होतं. फार नाही. मी मुलीच्या कंपासमधली पट्टी आणून लावली: चार मिलिमीटर. पट्टीसकट फोटो, 8:11. मिस्त्रीने खाली दुसरी रेघ मारली. वरची संध्याकाळची, खालची सकाळची. मधे चार मिलिमीटर करडा रंग.

चार मिलिमीटर म्हणजे काही नखं एकावर एक ठेवली तर होईल तेवढं. पण 2.9 चौरस मीटरवर ते साडेअकरा लिटर होतात. साडेतेरा तासांत. तासाला पाऊण लिटरच्या वर. हा गुणाकार तिसरीतला मुलगा करील. मी हिशेबाच्याच नोकरीत आहे. तो मी सप्टेंबरमध्ये केला.

"हवेत उडालं असेल," मी म्हणालो. ऑगस्टमध्ये. बाल्कनीत तीन दिवसांचे टॉवेल ओले लटकत होते.

मिस्त्रीने मान हलवली. वाकून पाईपच्या तोंडातला फडका दाबून बघितला. "कपड़ा ढीला था साहब. यहीं से गया होगा." तसं झालेलं असू शकत होतं. मग तो उकिडवाच बसून राहिला, पाण्याकडे बघत, आणि म्हणाला, "दुबारा भरें? कपड़ा टाईट करके. तीन दिन और लगेगा."

माझ्यावर कुणी जबरदस्ती केली नाही, हे नोंदवतो. त्याने विचारलं. फ्रिजवर कालनिर्णय होतं. मी बाथरूममधून बाहेर आलो, कालनिर्णयाकडे बघितलं, परत आत गेलो. यात अर्धं मिनिट गेलं असेल.

"राहू दे," मी म्हणालो. "पाईपच्या बाजूला जरा जास्त माल लाव."

खाली, काकूंच्या फॉल्स सीलिंगवर, त्या रात्री साडेअकरा लिटरमधलं किती उतरलं ते कुणालाच सांगता येणार नाही. सीलिंग 2014 सालचं, पांढरंशुभ्र, मधोमध एक्झॉस्ट फॅन. ते शोभेसाठी लावलेलं होतं आणि पहिल्या दिवसापासून त्याने सगळं झाकून ठेवलं.

सकाळी 11:30. अजून 138 तास 22 मिनिटं.

कोबा भरायला सुरुवात. पहिली पाटी रेघेवर पडली.

मजूर धुम्मसाने कोबा ठोकत होता. नहाणी ट्रॅप आणि पाईप यांचा जोड त्याच खड्ड्यात, त्याच्या पायाखाली. जोडाला सॉल्व्हंट लावलं होतं की नुसताच दाबून बसवला होता, हे त्या वेळी कुणी बघितलं नाही. नोव्हेंबरमध्ये बघितलं. नुसताच दाबलेला होता, आणि बोटाच्या पेराएवढा सुटला होता.

शुक्रवार आणि शनिवार, 22 व 23 ऑगस्ट.

शुक्रवारी कोब्यावर वरच्या कोटिंगचे दोन हात. शनिवारी दहा वाजता टाईल्स. कोटिंगला विसाव्या तासाला फरशी चिकटली. डब्यावरचे 72 तास या वेळी कुणी वाचूनही दाखवले नाहीत. उतार मात्र काटेकोर, शंभरात एक. मिस्त्रीने गोटी सोडून दाखवली. गोटी जराही न अडखळता जाळीत गेली.

सोमवार, 25 ऑगस्ट. दुपारी 3:45. अजून 38 तास 7 मिनिटं.

सांधे सकाळी भरून झाले होते. काचवाला आला. पार्टिशनच्या दोन क्लॅम्पसाठी जमिनीत दोन भोकं, 8 मिमीची, 40 मिमी खोल. खोली चुकू नये म्हणून त्याने ड्रिलच्या बिटवर लाल टेप गुंडाळली होती. टाईल दहा मिमी, खालचा माल वीस-पंचवीस, त्याखाली कोटिंग. लाल टेप टाईलला टेकली तेव्हा बिटचं टोक कुठे होतं, हे बेरीज करून कळतं.

टाईलमध्ये भोक पाडताना भुकटी कोरडी उडते. पहिल्या भोकातून कोरडी उडाली. दुसऱ्यातून शेवटी करडा चिखल वर आला, टूथपेस्टसारखा. काचवाल्याने बिट बाहेर काढून बोटाने पुसलं.

"सर, खाली ओलं आहे का?"

"नवीन सिमेंट आहे," मी म्हणालो.

त्याने भोकांत सिलिकॉन भरलं, क्लॅम्प आवळले आणि चोवीस तास पाणी मारू नका म्हणून सांगितलं. पावणेपाचला तो गेला.

रात्री 8:30. अजून 33 तास 22 मिनिटं.

नाशिकहून आत्या आली, प्रवासाने आंबलेली. पहिली आंघोळ तिची. बाहेर आली तेव्हा म्हणाली, "हॉटेलसारखं झालंय रे."

सिलिकॉन लावून पावणेचार तास झाले होते.

मंगळवार, 26 ऑगस्ट, हरतालिका. सकाळी 6:00 ते 9:30.

नऊ आंघोळी, सगळ्या त्याच बाथरूममध्ये. बाहेरचं बाथरूम रिकामं होतं. तिथे शॉवर नाही. नव्या शॉवरमधून मिनिटाला नऊ लिटर पडतं, हे मी नंतर बादली लावून मोजलं.

7:05 ला धाकटा भाऊ टॉवेल गुंडाळून बाहेर आला. "पाणी कसं झटकन जातं बघ. आमच्याकडे घोट्यापर्यंत साठतं."

झटकन जात होतं, कारण त्याला जायला दोन वाटा होत्या.

दुपारी 2:20. अजून 15 तास 32 मिनिटं.

काकूंचा व्हॉट्सॲपवर फोटो. एक्झॉस्ट फॅनच्या शेजारी डाग. पुरणपोळीएवढा, मधे ओला, कडेला पिवळी किनार. खाली लिहिलेलं: "हे सकाळी नव्हतं."

त्या डागाची जागा महत्त्वाची होती. पावसाची ओल भिंतीकडून आत सरकते. हा डाग मधोमध होता, आणि त्याच्या बरोबर वर आमची नहाणी.

मी दादरच्या फुलबाजारात होतो, एका हातात केवड्याची पिशवी. फोटो 2:31 ला उघडला. उत्तर 2:52 ला: "पावसाची ओल असेल काकू. गणपती झाले की लगेच बघतो." आणि हात जोडल्याचं चित्र.

काकूंनी अंगठा पाठवला.

आमच्या आतल्या बाथरूमचा कॉक डक्टच्या खिडकीत आहे. तो अर्ध्या वळणात बंद होतो.

रात्री 9:05. अजून 8 तास 47 मिनिटं.

दुसऱ्या मजल्यावर अंधार. ईएलसीबी पडला. काकांनी वर केला, पुन्हा पडला. हे यंत्र 30 मिलिॲम्पिअर गळती झाली तरी लाईन तोडतं. माणसाला धक्का लागून जीव जाऊ नये म्हणूनच ते बसवतात. गल्लीतला वायरमन आला. एक-एक सर्किट बंद करत बाथरूमपाशी पोचला. "ओल आहे आत. सणाचे दिवस, बायपास करून देऊ का? नंतर बघू."

काका आयुष्यभर मीटरचं काम केलेले. "नाही," ते म्हणाले. "बाथरूमचं बंद ठेव. बाकीचं चालू दे."

या सबंध घटनाक्रमात घाई न करता घेतलेला एवढा एकच निर्णय आहे, आणि तो त्यांचा. फॅनच्या वायरीवर तेव्हा पाणी उभं होतं.

काकू वर येणार होत्या. आमच्या दारातून आरतीच्या तयारीचा गलका ऐकू आला, पाहुण्यांच्या चपला दिसल्या, आणि त्या अर्ध्या जिन्यातून परत फिरल्या. हे त्यांनी मला दिवाळीत सांगितलं.

रात्री 11:10. अजून 6 तास 42 मिनिटं.

शेवटची आंघोळ माझी. मखर लावून घामाघूम झालो होतो. सात मिनिटं शॉवरखाली उभा होतो. 63 लिटर.

बुधवार, 27 ऑगस्ट, गणेश चतुर्थी. पहाटे 4:50.

काका उठले. मूर्ती आणायला सातला निघायचं होतं. बाथरूमचं सर्किट बंद, म्हणून गीझर नाही; काकूंनी गॅसवर पातेलं चढवलं. दिवाही नाही, म्हणून पॅसेजमधला लावला.

5:10 आणि 5:25.

वर दोन आंघोळी. आत्या आणि वहिनी.

5:41.

काकूंनी बादलीत गरम पाणी ओतलं. डाग आता परातीएवढा झाला होता आणि सीलिंग मधे पोटासारखं खाली आलं होतं, पण पॅसेजच्या उजेडात वरचं दिसत नव्हतं. काकांनी प्रकाश यावा म्हणून दार अर्धं उघडं ठेवलं. एरवी ते आतून कडी लावतात.

5:47.

वर भाऊ शॉवरखाली शिरला.

5:52.

मी स्वयंपाकघरात होतो. आवाज मोठा नव्हता. कुणाच्या तरी घरी भांड्यांची मांडणी पडली असं वाटलं, आणि मी नारळ सोलत राहिलो.

5:54 ला फोन वाजला. काकूंचा आवाज नेहमीचाच होता. त्या एवढंच म्हणाल्या, "पाणी बंद कर."

कॉक अर्ध्या वळणात बंद झाला.

6:20.

रुग्णवाहिका. काका शुद्धीत होते. उजव्या बाजूचं कॉलरबोन मोडलेलं, डोक्याला सात टाके. दार उघडं होतं म्हणून काकूंना त्यांना लगेच ओढून बाहेर घेता आलं. पडलेल्या ढिगात प्लास्टरचे तळहाताएवढे तुकडे होते. काहींची एक बाजू गंजाने तांबडी, सळईची पन्हळ उमटलेली. ढीग चार गोण्या भरला. फॅन वायरीला लोंबकळत होता.

त्यांची मूर्ती आमच्या भावाने आणली. प्राणप्रतिष्ठा काकांच्या पुतण्याने केली, डोंबिवलीहून येऊन. आमच्याकडच्या आरतीला त्या वर्षी कुणी झांजा काढल्या नाहीत.

सप्टेंबरमध्ये सोसायटीचं पत्र आलं. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत स्पष्ट आहे: संडास-बाथरूमची आतली गळती, तिचा खर्च त्या-त्या सभासदाचा. मी वाद घातला नाही. पत्रासोबत माझ्या अर्जाची झेरॉक्स होती. पेनाने वाढवलेली ओळ, आणि तिच्यापुढची कोरी जागा.

सोमवार, 3 नोव्हेंबर. सकाळी 10:00.

दहा आठवडे जुनं बाथरूम फोडायला सुरुवात. तोच मिस्त्री. दुसरा आणायचा विचार केला होता. पण त्याला सगळं ठाऊक होतं, आणि त्याने स्वतःहून फोन केला होता. या वेळी आधी खाली गेलो, काकूंचं छत हातोडीने ठोकून घेतलं, जिथे जिथे पोकळ आवाज आला तिथे खडूने गोल केले. गंजलेल्या सळया घासून, रंगवून, नव्या मालात झाकल्या. मग वर.

कोबा निघाला तेव्हा एका जागी तो अखंड पापुद्र्यासारखा सुटला. मागे करडं कोटिंग, आणि त्यावर वीतभर पेन्सिल. वरची रेघ. खालची रेघ. मिस्त्रीने ब्रश मारून धूळ झटकली आणि काहीच बोलला नाही. मीही फोटो काढला नाही. तो फोटो माझ्याकडे होता.

सोमवार, 17 नोव्हेंबर. सकाळी 7:00.

पाणी भरलं, 50 मिमी. पाईपच्या तोंडात फडक्याऐवजी रबराचा, पेचाने फुगणारा बूच. रेघ मारली. शेजारी एका पसरट पातेल्यात तेवढंच खोल पाणी घेऊन ठेवलं आणि त्यालाही खूण केली. हवेत किती उडतं ते पातेलं सांगेल.

काकू रोज सकाळी वर येत होत्या. गुडघे धरत, एक-एक पायरी.

गुरुवार, 20 नोव्हेंबर. सकाळी 7:00. 72 तास.

पातेल्यात तीन मिलिमीटर कमी. खड्ड्यात तीन मिलिमीटर कमी. मिस्त्रीने माझ्याकडे बघितलं. मी काकूंकडे.

काकूंनी पदराने चष्मा पुसला, चौकटीला धरून वाकल्या आणि आधी पातेलं बघितलं, मग रेघ. बराच वेळ बघितली.

"अजून एक दिवस राहू दे," त्या म्हणाल्या.

राहू दिलं.